धाड कुणाच्या दारावर?



वसंत ऋतूतील या व्याख्यानांना नगरातील मंडळी मोठ्या प्रेमाने येतात. या मंचावर पंडित बोलतात, प्राध्यापक बोलतात, कायद्याचे जाणकार बोलतात. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते करवीर नगर वाचन मंदिरातील पुस्तकांच्या आधाराने आणि कारखान्याच्या फाटकावर उभे राहून. तेव्हा आम्ही जे बोलणार आहोत त्यात पांडित्य नाही. तीस वर्षे कामगारांच्या चाळींत आणि वस्त्यांत हिंडताना जे दिसले, त्यावर कायद्याची पुस्तके उघडून जो विचार केला, तेवढाच आपल्यापुढे ठेवणार आहोत.

आजचा विषय अमली पदार्थांचा आणि त्यासाठी पडणाऱ्या पोलिसी धाडींचा आहे. प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमजाला जागा राहणार नाही. नशेच्या धंद्याविषयी आमच्या मनात तिळमात्र दयामाया नाही. गांजाने मंदावलेली, गर्दने पोखरलेली आणि अलीकडे ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोनच्या पायी आईच्या अंगावर हात टाकणारी पोरे आम्ही पाहिली आहेत. अशा आया आमच्याकडे येऊन म्हणतात, “दादा, पोलिसांस्नी सांगा, पर हे बंद करा.” त्या माउलींचे दुःख खोटे नाही. म्हणूनच आमचा प्रश्न वेगळा आहे. धाड पडावी की पडू नये, हा तो प्रश्न नव्हे. धाड कुणाच्या दारावर पडते, कशी पडते, आणि तिच्यामुळे त्या माउलीचे दुःख खरोखर कमी होते काय, हा आमचा प्रश्न आहे.

‘धाड’ हा शब्दच पाहा. आमच्या आज्या-पणज्यांच्या तोंडी दरोडेखोरांची धाड पडत असे, शेतावर टोळधाड येत असे. कुणी विनाकारण अडून बसला तर त्याला ‘काय धाड भरलीय’ म्हणून विचारीत. म्हणजे धाड हे संकटाचे नाव होते. दार मोडून घरात शिरणे हे मुळात दरोडेखोराचे काम. समाजाने ते एका विशिष्ट प्रसंगी, विशिष्ट अटींवर, गणवेशातल्या माणसाच्या हाती दिले. अटी पाळल्या तर ती कायद्याची धाड. अटी सोडल्या तर मागे जुना अर्थच उरतो.

या अटी कोणत्या? अमली पदार्थांचा देशव्यापी कायदा १९८५ साली झाला. त्याच्या ४२व्या कलमाप्रमाणे अधिकाऱ्याला मिळालेली खबर लिहून ठेवावी लागते. वॉरंटाशिवाय घरात शिरायचे तर ते सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात. रात्री शिरायचे असेल, तर वॉरंट आणीपर्यंत माल किंवा माणूस निसटेल असे का वाटते, याची कारणे आधी नोंदवावी लागतात, आणि त्या नोंदीची प्रत ७२ तासांत वरिष्ठाकडे धाडावी लागते. ५०वे कलम म्हणते की अंगझडती घेण्यापूर्वी, ती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी अशी मागणी करण्याचा हक्क त्या माणसाला आहे. हा हक्क त्याला सांगितलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ साली बलदेवसिंग खटल्यात ठरविले. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची. आणि ५८वे कलम तर असे की सबळ कारणाशिवाय त्रास देण्यासाठी झडती घेणाऱ्या अधिकाऱ्यालाच सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायदा इतका सावध का? कारण त्याची शिक्षा फार कडक आहे. व्यापारी प्रमाणात माल सापडला तर दहा वर्षांच्या खाली शिक्षाच नाही. जामीन देण्यापूर्वी न्यायालयाला हा माणूस निर्दोष असावा असे मानण्यास आधार आहे, एवढी खात्री पटावी लागते. जिथे शिक्षेची कुऱ्हाड इतकी जड, तिथे ती उचलणाऱ्या हातावर लगाम हवाच. पुस्तकात तो आहे. वस्तीत किती आहे ते आता सांगतो.

आमच्या परिचयाचा एक तरुण ओतीव कामाच्या कारखान्यात कंत्राटी कामगार होता. भट्टीसमोर उभे राहून वितळलेले लोखंड साच्यात ओतायचे, हे त्याचे काम. त्या धगीत आठ तास काढून आल्यावर तो कधीमधी गांजा ओढी. वाईटच सवय, आम्ही तिचे समर्थन करीत नाही. एका रात्री एकच्या सुमारास दाराचा कोयंडा तुटला. पोलीस वस्तुतः त्याच्या शेजाऱ्याला शोधत होते. शेजारी सापडला नाही, याच्या सदऱ्याच्या खिशात पुडी सापडली. वजन काही ग्रॅम. त्याची आई सांगत होती, “दादा, पोरगं पाळीवरनं येऊन नुकतं पडलं व्हतं. म्या इचारलं, काय केलं यानं? तर म्हनले, गप बस म्हातारे. धान्याचा डबा समदा भुईवर वतला वो.”

मॅजिस्ट्रेटांनी त्याला जामीन दिला. परंतु त्या चार दिवसांचे खाडे कंत्राटदाराला कळले. नवीन कंत्राटाच्या वेळी पोलीस पडताळणीचा कागद मागितला गेला आणि त्यावर गुन्ह्याची नोंद होती. काम गेले. तारखा मात्र चालू राहिल्या. प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते. आज तो नाक्यावर उभा राहून मिळेल ते काम करतो. ज्याने त्याला पुडी विकली, त्याला त्या खटल्यात कुणी साधा प्रश्नही विचारला नाही. हे कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत घडले ते आम्ही सांगत नाही, कारण दोष एका ठाण्याचा नाही, रीतीचा आहे.

आता हिशेब करू या. कायद्याने गांजाचे तीन तट पाडले आहेत. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोंच्या वर व्यापारी प्रमाण, आणि त्या दोहोंमधले मधले. मेफेड्रोनमध्ये हेच आकडे २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम आहेत. अल्प प्रमाणाची शिक्षा एक वर्षापर्यंत. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही ओढणारा आणि विकणारा यांतला भेद ठाऊक होता. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी जे आकडे छापतो, त्यांत स्वतःच्या सेवनासाठी बाळगणे आणि व्यापारासाठी बाळगणे असे दोन रकाने असतात. महाराष्ट्रापुरते पाहिले तर बहुसंख्य गुन्हे पहिल्या रकान्यात पडतात. पाणी गळते टाकीला आणि आपण पुसतो आहोत फरशी! कितीही पुसली तरी ती कोरडी व्हायची कशी?

हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा आला आणि १९५०च्या एप्रिलपासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी झाली. हेतू उदात्त होता, त्यामागे गांधीजींची प्रेरणा होती आणि गरिबाचा संसार वाचावा ही तळमळ होती. पण अंमलबजावणी उरली धाडीपुरती. वडीलधारी मंडळी सांगत की सकाळी भट्टी फोडावी, संध्याकाळी ती ओढ्याच्या पलीकडे पुन्हा पेटावी. फोडणाऱ्याचा हप्ता ठरलेला आणि पेटवणाऱ्याचा नफा ठरलेला. मुंबईत तर हातभट्टीच्या पैशावर वरदराजन मुदलियारसारखे टोळीनायक मोठे झाले. १९६०च्या दशकात सरकारने बंधने सैल केली. आज दुकानात बाटली मिळते, आणि पिण्याचा परवाना कायद्याच्या पुस्तकात अजून आहे, परंतु तो कुणी विचारीत नाही. तरीसुद्धा २०१५च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी हातभट्टीने शंभरावर माणसे मारली. बहुतेक सगळी हातावर पोट असलेली. इतक्या वर्षांच्या धाडींनी त्या वस्तीपर्यंत येणारे विष अडले नाही. ही गोष्ट आपण विसरलो, म्हणून तोच धडा गांजाच्या पुडीवर पुन्हा गिरवीत आहोत.

कुणी म्हणेल, मग धाडी पडूच नयेत काय? पडाव्यात, अवश्य पडाव्यात! कशा पडाव्यात याची उदाहरणे आपल्याच परिसरात आहेत. २०२१च्या नोव्हेंबरात मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने आपल्या चंदगड तालुक्यातील ढोलगरवाडीत मेफेड्रोनचा कारखाना पकडला. ते पथक वाट चुकून चंदगडला आले नव्हते. मुंबईत थोडा माल सापडला, त्याचा धागा धरीत धरीत ते उगमापर्यंत आले. २०२४च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनीही तसेच केले. शहरातल्या लहान जप्तीपासून निघून ते दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यापर्यंत पोहोचले, आणि तिथून दिल्लीपर्यंत, इकडे सांगलीच्या कुपवाडपर्यंत गेले. दीड हजार किलोंहून अधिक मेफेड्रोन हाती लागले. पुढच्याच महिन्यात कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळीचा कारखाना उघडकीस आला, तोही मुंबईतल्या अटकांचा माग काढून. या धाडींना आमचा मुजरा आहे. त्या पुडीपाशी थांबल्या नाहीत. पुडी कुठून आली, हे त्यांनी विचारले.

आता कामगार चळवळीतला माणूस म्हणून एक प्रश्न आपल्यापुढे ठेवल्यावाचून आम्हाला राहवत नाही. कुरकुंभचा तो माल डोंगरातल्या गुहेत तयार होत नव्हता. औद्योगिक वसाहतीत, विजेचे मीटर आणि पाण्याची जोडणी असलेल्या, भिंतीवर पाटी लावलेल्या कारखान्यात तो तयार होत होता. कारखान्यात कोणती रसायने येतात, कोणती बाहेर जातात, कामगाराच्या नाकात काय जाते, हे पाहण्यासाठी एकेकाळी निरीक्षक अचानक येऊन उभा राहू शकत असे. मालकवर्गाने त्याला ‘इन्स्पेक्टर राज’ म्हणून नाव ठेवले, आणि गेल्या काही वर्षांत सरकारनेही ते मान्य केले. आता स्वतःचे प्रमाणपत्र स्वतःच द्यायचे, तपासणी कुणाची करायची ते संगणक चिठ्ठी टाकून ठरवणार. २१ नोव्हेंबर २०२५पासून ज्या नव्या कामगार संहिता अमलात आल्या, त्यांत तर निरीक्षकाचे नावच बदलून ‘निरीक्षक-तथा-सुविधाकार’ झाले आहे.

श्रोतेहो, यातील विसंगती पाहा. जिथे पिंपांनी विष तयार होऊ शकते तिथे सरकार सुविधाकार पाठविते. जिथे ते चिमटीने ओढले जाते तिथे रात्री एक वाजता कोयंडा तोडते. कारखान्याला अवचित भेट दिली तर उद्योगाला बाधा येते म्हणतात. मग मजुराच्या झोपेला, त्याच्या अब्रूला बाधा येत नाही काय? धाडीची गरज पहिल्या ठिकाणी अधिक आहे, की दुसऱ्या?

मग असे का घडते? पोलीस दुष्ट आहेत म्हणून, असे आम्ही म्हणणार नाही. हवालदार हाही कष्टकरीच आहे. बारा-बारा तासांची ड्यूटी, बंदोबस्त, रजा नाही, आणि संघटना करायला मुभा नाही. १९८२च्या ऑगस्टात मुंबईच्या पोलिसांनी आपले गाऱ्हाणे मांडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांच्या संघटनेची मान्यताच गेली. अशा माणसाला वरून हुकूम येतो, मोहीम आहे, या महिन्यात इतके गुन्हे दिसले पाहिजेत. उगमापर्यंत जायला तीन महिने लागतात, शिवाय वर गेल्यावर वजनदार माणसे भेटतात. वस्तीत जायला एक रात्र पुरते आणि तिथे वकील भेटत नाही. पन्नास ग्रॅमचे वीस गुन्हे कागदावर वीस दिसतात, कारखान्याचा एक गुन्हा एकच दिसतो. गिरणीत नगावर मजुरी दिली की माल निकृष्ट होतो, हे आम्हा कामगारांना पक्के ठाऊक आहे. पोलिसी कामालाही नगाचा हिशेब लावला, तर न्याय निकृष्ट होणारच.

यात आणखी एक जुनी सवय मिसळलेली आहे, आणि कोल्हापूरकरांनी तिच्याविषयी विशेष जागरूक असले पाहिजे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणूस जन्मला तोच गुन्हेगार, त्याने हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगी घ्यायची. आपल्या या नगरीत राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी जवळ केले, काम दिले. चोरीचे कारण जात नसून भूक आहे, हे त्या राजाला उमगले होते. सगळ्या देशातून तो कायदा जायला १९५२ साल उजाडले. आज कागदावर हजेरी नाही. परंतु मोहीम निघाली की जीप कोणत्या वस्त्यांकडे वळते? त्याच त्याच चार वस्त्यांकडे. खबर असो वा नसो, ‘तिथे काहीतरी सापडतेच’ असे म्हणून. ही दारावर येणारी हजेरीच नव्हे काय? शाहू महाराजांच्या पुतळ्याला जयंतीच्या दिवशी हार घालायचा आणि रात्री त्यांनी मोडलेली रीत चालवायची, हे या नगरीला शोभत नाही.

धाडीचा फटका केवळ गरिबाला बसतो असेही नाही. २ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईत एका प्रवासी जहाजावर केंद्रीय पथकाने धाड घातली. एका नामांकित चित्रपट अभिनेत्याच्या मुलाला अटक झाली. त्याच्याजवळ माल सापडला नव्हता. तरी तो जवळजवळ चार आठवडे कोठडीत राहिला. उच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबरला जामीन दिला आणि पुढे २७ मे २०२२ रोजी पुरेसा पुरावा नाही म्हणून त्याच्याविरुद्ध आरोपपत्रच दाखल झाले नाही. देशातले नामवंत वकील उभे असताना ही गत. ज्याच्या आईजवळ वकिलाकडे जायला एसटीचे भाडे नाही, त्याचे काय? आपल्या जिल्ह्यातील माणसाला उच्च न्यायालयाच्या जामिनासाठी वर्षानुवर्षे मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात सर्किट बेंचचे काम सुरू झाले, हा या नगरीच्या दीर्घ लढ्याचा मोठाच विजय आहे. पण न्यायालय दाराशी आले तरी वकिलाची फी दाराशी येत नाही.

परदेशांकडेही नजर टाकू, कारण चुका सगळीकडे सारख्याच होतात. अमेरिकेत दार न ठोठावता घरात घुसण्याची वॉरंटे अमली पदार्थांच्या नावाखाली सर्रास निघू लागली. १३ मार्च २०२० रोजी लुईव्हिल शहरात मध्यरात्रीनंतर पोलीस ब्रिऑना टेलर या २६ वर्षांच्या तरुणीच्या घरात दार फोडून शिरले. आतल्या माणसाला चोर आले असे वाटून त्याने गोळी झाडली, पोलिसांनी उलट गोळ्या झाडल्या आणि ती तरुणी मेली. घरात अमली पदार्थ सापडले नाहीत. त्या शहराने त्याच जूनमध्ये अशा वॉरंटांवर बंदी घातली. याउलट पोर्तुगालने २००१ साली दुसरी वाट धरली. विकणे गुन्हाच ठेवले. मात्र दहा दिवसांच्या वापराइतका माल जवळ असलेल्या माणसाला फौजदारी न्यायालयात न नेता तीन जणांच्या समितीपुढे न्यायचे ठरविले. ती समिती त्याला समज देते, दंड करते किंवा उपचाराकडे वळविते. तो देश काही बुडाला नाही.

आपल्याला पोर्तुगालची नक्कल करा असे आम्ही सांगत नाही. आपल्याच कायद्यात वाट आहे, ती वापरात नाही एवढेच. ३९वे कलम व्यसनी माणसाला शिक्षेऐवजी त्याच्या संमतीने उपचाराला पाठविण्याची मुभा न्यायालयाला देते. ६४-अ कलम सांगते की अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य संस्थेत उपचार घेईल तर त्याच्यावर खटला चालणार नाही. आमच्या वस्त्यांतल्या किती जणांना हे ठाऊक आहे? आणि ठाऊक झाले तरी जायचे कुठे? केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्याप्रमाणे अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस माणसांत एकालाच कुठेतरी दाखल होऊन उपचार मिळतो. बाकीच्या एकोणिसांसाठी आपण काय राखून ठेवले आहे? तर धाड! पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण उभे केले, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगीचा हात दिला. माणूस व्यसनातून परत येतो, हे तिथे शेकडो घरांनी पाहिले. व्यसनी माणसाला रोगी मानले तर तो बरा होऊ शकतो. गुन्हेगार मानले तर तो लपतो, आणि लपलेला रोग कधी बरा झाला आहे?

आता, नुसती तक्रार करून खाली बसणे आम्हा संघटनेच्या माणसांना जमत नाही. आम्ही मागणीपत्र लिहूनच सभेला येतो. तेव्हा सहा मागण्या आपल्यापुढे ठेवतो.

पहिली, अल्प प्रमाणाच्या संशयासाठी रात्री घरात शिरणे बंद व्हावे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको, आधी नोटीस द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेशकुमार खटल्यात बजावले आहे. ते पुडीवाल्यालाही लागू करा.

दुसरी, प्रत्येक झडतीचे चित्रण झालेच पाहिजे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५व्या कलमाने ते सक्तीचे केले आहे. चित्रण नसेल तर का नाही, याचा जाब अधिकाऱ्याला न्यायालयात द्यावा लागावा.

तिसरी, पंच त्या वस्तीतले असावेत. ठाण्याच्या दाराशी घुटमळणारे तेच ते ठरावीक पंच नकोत. घरातल्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहण्याचा आणि जप्तीच्या यादीची प्रत मिळण्याचा हक्क आहे. तो त्याला तिथल्या तिथे, मराठीत, सांगावा.

चौथी, ज्या धाडीत काहीच सापडले नाही तिचीही नोंद व्हावी, आणि वर्षाअखेर जिल्ह्याने ते आकडे जाहीर करावेत. तुटलेल्या दाराची भरपाई मिळावी, आणि मुद्दाम त्रास दिला असेल तर ५८वे कलम कपाटातून बाहेर यावे.

पाचवी, पोलिसांच्या कामाचे मोजमाप गुन्ह्यांच्या संख्येवर होऊ नये. पुडीपासून किती पायऱ्या वर गेला, यावर व्हावे. आणि रसायनांच्या कारखान्यांत अचानक जाण्याचा निरीक्षकाचा अधिकार त्याला परत मिळावा.

सहावी मागणी सरकारकडे अर्धी, आपणा सर्वांकडे अर्धी. जिल्ह्याच्या सीपीआर रुग्णालयात आणि प्रत्येक तालुक्यात व्यसनमुक्तीची पुरेशी सोय असावी. आणि कारखानदारांनी, कंत्राटदारांनी, केवळ गुन्हा नोंदला गेला म्हणून, शिक्षा झालेली नसताना, माणसाला कामावरून काढू नये. नशेत मशीनवर उभा राहिला तर अवश्य कारवाई करा, त्यात दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. पण उपचाराला गेलेल्या माणसाची जागा राखून ठेवा. हातातले काम हीच व्यसनातून वर येण्याची पहिली दोरी असते. तीच कापली तर माणूस कशाला धरून वर येईल?

यावर एक आक्षेप नेहमी येतो. म्हणतात, “तुम्ही पोलिसांचे हात बांधता, त्याचा फायदा विकणाऱ्याला होतो.” आम्ही उलट म्हणतो. रीत न पाळता घातलेली धाड न्यायालयात टिकत नाही. खबर लिहिली नाही, हक्क सांगितला नाही, नमुने नीट घेतले नाहीत, म्हणून खरोखरीचा विक्रेता सुटतो आणि वस्तीत येऊन पेढे वाटतो. नियम पाळणाऱ्या पोलिसाचा खटला भक्कम होतो. शिवाय ज्या वस्तीत पोलीस धान्याचा डबा ओततो, त्या वस्तीतून त्याला खबर कोण देणार? माल कुठून येतो हे त्या माउलीला ठाऊक असते. परंतु ज्याने तिच्या पोराला झोपेतून ओढून नेले, त्याच्याजवळ ती तोंड उघडत नाही. विश्वास हेही पोलिसांचे हत्यार आहे. आजच्या रीतीने ते हत्यार आपण आपल्याच हाताने बोथट करून टाकले आहे.

शेवटी एक विनंती करतो आणि आपली रजा घेतो. सकाळी वर्तमानपत्रात ‘वस्तीवर धाड, इतके अटकेत’ अशी बातमी वाचाल तेव्हा समाधानाने पान उलटू नका. त्या बातमीत दोन गोष्टी शोधा. माल किती होता, आणि तो कुठून आला हे लिहिले आहे काय. दुसऱ्याचे उत्तर नसेल तर संपादकांना एक पत्र लिहा, नगरसेवकाला विचारा, आमदारांना विचारा. मागणीपत्रावर जितक्या जास्त सह्या, तितका त्याला जोर, हे आम्ही फाटकावर शिकलो. आमच्या मागणीपत्रावर कामगारांच्या सह्या आहेत. नगरातील सुशिक्षितांच्या सह्यांसाठी खालची जागा मोकळी ठेवली आहे. कागद या मंचाच्या पायरीपाशी ठेवला आहे. वाचून पटले तर सही करावी. पटले नाही तर का पटले नाही ते सांगायला अवश्य यावे, चर्चेला आम्ही इथेच थांबलो आहोत.